बेंजोच्या तालमीसाठी जुना गिटार अ‍ॅम्प घ्यावा का? (१२० व्होल्टवाला आहे)

डोंबिवलीचा_बेंजो
नमस्कार मंडळी. आमची बेंजो (म्हणजे आपला बुलबुलतरंग) पार्टी आहे, डोंबिवली पूर्वेला. गणपती, हळद, दहीहंडी, साईभंडारा अशा सुपाऱ्या घेतो. रस्त्यावरचं सगळं साउंडवाल्याचं असतं. टेम्पो त्याचा, जनरेटर त्याचा, अहुजाचे अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगेही त्याचेच. तिथे काही अडत नाही. प्रश्न तालमीचा आहे. चाळीमागच्या हॉलमध्ये बसतो आणि बेंजो एका जुन्या डेकच्या बॉक्सला लावतो. आवाज येतो, पण पत्र्यावर खडे पडल्यासारखा.

बजेट २० हजार, फार ताणलं तर २५. पुण्यात एका गृहस्थांकडे फेंडरचा ब्लूज ज्युनिअर आहे. १५ वॅट, व्हॉल्व्हवाला (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा). मुलगा अमेरिकेहून परत आला तेव्हा घेऊन आलेला. ३० मागतायत. मागच्या पाटीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय, सोबत ‘कन्व्हर्टर’ देतो म्हणतात. बेंजोला चुंबकी पिकअप (तारांचा कंप पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणारा) आहे, आमच्याच एका मिस्त्रीने बसवलेला. कधीमधी कीबोर्डही त्याच अ‍ॅम्पला लावायचाय. घेऊ का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतला_गिटारवाला
डोळे झाकून घ्या! ३० काय, चालू कंडिशनमध्ये असेल तर ३५ ला पण सोडू नका. आत खरा स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगने आवाजाला घुमारा देणारा) आहे, १२ इंची स्पीकर आहे, आणि व्हॉल्व्हच्या आवाजाला जो गोडवा असतो तो त्या चिपवाल्या डब्यांना सात जन्मात येणार नाही. १५ वॅट बघून नाक मुरडू नका. चाळीत तिसऱ्या नंबरपुढे नेलात तर सेक्रेटरी दारात उभा राहील.

सोल्डरकाका
डोळे उघडे ठेवून घ्या.

मी दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे या धाग्यावर थोडं लांबण लावतो. पहिली गोष्ट, तो ‘कन्व्हर्टर’ नक्की काय आहे ते बघा. परदेशी जाणाऱ्यांना विमानतळावर जो मुठीएवढा डबा विकतात तो केस वाळवायच्या यंत्रासाठी असतो. त्यावर अ‍ॅम्प लावायचा नाही म्हणजे नाही. लोखंडी गाभ्याचा, हातात घेतल्यावर जड लागणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा. या अ‍ॅम्पला ३०० व्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता, साधारण वॅटसारखीच) पुरावा, ५०० घेतलात तर तापणार नाही आणि गुणगुणणारही नाही.

दुसरं, स्वस्तातले बहुतेक स्टेपडाउन हे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यात २३० ची बाजू आणि १२० ची बाजू एकमेकांपासून विलग नसतात. त्यातून बाहेर दोनच भोकांचं सॉकेट दिलेलं असतं, म्हणजे अ‍ॅम्पच्या तिसऱ्या पिनेचं अर्थिंग गेलं. गिटार किंवा बेंजोच्या तारा पिकअपच्या ग्राउंडवरून थेट अ‍ॅम्पच्या चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. अर्थिंग नाही आणि आत गळती आहे, तर झटका बसणार वाजवणाऱ्याच्या बोटांना. दुसऱ्या हातात माइक असेल तर फारच वाईट. म्हणून तीन पिनांचं सॉकेट आणि आरपार अर्थिंग असलेला ट्रान्सफॉर्मरच हवा, आणि तुमच्या हॉलच्या बोर्डात अर्थिंग खरंच आहे का हे वायरमनला एकदा टेस्टरने नव्हे, मीटरने बघायला सांगा. चाळींत तिसरं भोक बऱ्याचदा शोभेचं असतं.

तिसरं, ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो. बहुतेक वेळा निभावतं, पण खरेदीच्या वेळी अ‍ॅम्प पाच मिनिटं चालवून ‘बरोबर आहे’ म्हणून उचलू नका. तासभर चालवा, मग ट्रान्सफॉर्मरपाशी हात नेऊन बघा, वास येतोय का बघा.

माझ्याकडे एक अ‍ॅम्प आला होता, मालकाच्या भाच्याने फक्त पिन बदलून थेट २३० मध्ये खुपसलेला. फ्यूज लगेच उडाला. तिथेच थांबला असता तर स्वस्तात सुटला असता. त्याने फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून पुन्हा चालू केला. पुढचं वेगळं सांगणे न लगे.

डोंबिवलीचा_बेंजो
बापरे. काका, धन्यवाद. म्हणजे घेऊच नको का?

सोल्डरकाका
घेऊ नका असं म्हणत नाही. अ‍ॅम्प चांगला आहे. पण मागितलेल्या ३० वर ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरा, व्हॉल्व्हचा धरा. त्यात ईएल-८४ ची जोडी आहे आणि १२एएक्स७ तीन. १२एएक्स७ वर्षानुवर्षं चालतात, ईएल-८४ मात्र झिजतात आणि बदलताना जुळलेली जोडी घ्यावी लागते. एकेकाळी आपल्याकडे बेंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवायची. आता नवे येतात ते स्लोव्हाकिया, रशिया नाहीतर चीनहून. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी विचारलंत तर मिळतीलही, पण जोडी जुळलेली आहे हे दुकानदाराच्या शब्दावर.

नेवार्ककर
इथे न्यू जर्सीत हेच अ‍ॅम्प गराज सेलमध्ये पडलेले दिसतात, आणि देशात परतणारा प्रत्येक मराठी मुलगा कंटेनरमध्ये एक तरी टाकतोच. बायको म्हणते भांडी घे, हा म्हणतो अ‍ॅम्प. अशांनी एवढंच बघावं: ज्या अ‍ॅम्पला बाहेरून अडॅप्टर आहे आणि त्यावर १००-२४० लिहिलंय तो बिनधास्त न्या, नुसती पिन बदलली की झालं. काही अ‍ॅम्पना मागे व्होल्टेजचा खटका किंवा निवडायचा फ्यूज असतो, तेही ठीक. नुसतं १२० लिहिलं असेल तर इथेच विकून या. जुन्याचे चार पैसे इथे येतात आणि ट्रंकेतलं वजन वाचतं.

खर्जातला
सगळे व्होल्टेजवर बोलतायत, पण मूळ प्रश्न बेंजोचा आहे. मी साउंड करतो, बेंजो पार्ट्यांचंही केलंय.

धागाकर्ते, तुमचा आवाज पत्र्यासारखा येतो त्याचं कारण वॅट नाहीत. चुंबकी पिकअप म्हणजे तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. तिला पुढे मोठा अडथळा लागतो, गिटार अ‍ॅम्पच्या इनपुटला तो साधारण १ मेगाओहम असतो. डेकच्या ऑक्स इनपुटला किंवा मिक्सरच्या लाइनला तो साधारण दहा ते पन्नास हजार ओहमच असतो, माइकच्या भोकात त्याहूनही कमी. पिकअपचा सगळा जीव तिथेच दबतो. वरचे स्वर गिळले जातात, लेव्हल पडते, मग तुम्ही व्हॉल्यूम आणि ट्रेबल दोन्ही पिरगाळता, आणि जे ऐकू येतं तो तुमचा पत्रा. साउंडवाले रस्त्यावर हेच भोंग्यावर करतात, पण भोंग्याला मुळात खालचा आवाजच नसतो. तिथे गर्दीच्या वर सूर कापत गेला पाहिजे, तेवढं काम भोंगा चोख करतो.

म्हणजे पिकअपला लागणारं इनपुट ब्लूज ज्युनिअर देईल. प्रश्न स्पीकरचा आहे. गिटारच्या स्पीकरला ट्विटर नसतो, साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर तो हात टेकतो. गिटारला तेच हवं असतं. कीबोर्डला नाही. कीबोर्डच्या रिदममधली झांज मरेल, किक लावलीत तर पातळ कागदी कोन फडफडेल, आणि जोरात वाजवत राहिलात तर फाटेल. गिटार अ‍ॅम्पला कीबोर्ड किंवा बेस लावून स्पीकर घालवलेले मी बरेच पाहिलेत.

आणि वॅटचं गणित सांगतो कारण दुकानात सगळे त्यावरच भांडतात. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे १५ आणि ३० मधला फरक पावती बघून कळतो, ऐकून फारसा नाही. स्पीकर किती कार्यक्षम आहे हे जास्त महत्त्वाचं.

पेठेतला_गिटारवाला
खर्जातला, मान्य, पण आवाजाचा रंग? रोलंडचा जेसी-१२० घ्या, जगातला सगळ्यात स्वच्छ ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प म्हणतात, १९७५ पासून बनतोय. तोही ऐकला की मला फ्रिज उघडल्यासारखी थंडी वाजते. हलके घ्या.

खर्जातला
तुम्ही गिटार वाजवता, तुम्हाला आवाज थोडा फाटलेला आवडतो. बेंजोत मुख्य तारा आणि षड्जाची तार एकदम वाजतात. दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे तिसरेच स्वर तयार होतात आणि सगळा चिखल होतो. म्हणूनच रॉकवाले फाटक्या आवाजात दोन तारांचे पॉवर कॉर्ड वाजवतात, सहा तारांचे नाही. बेंजोला स्वच्छच हवं. तुमच्या जेसीला मी २८ किलोची थंडी म्हणेन, पण तिच्यावर बेंजो सुंदर वाजेल.

आजीची_पेटी
थोडं अवांतर, पण विचारतेच. आमचं महिला भजनी मंडळ आहे, साताऱ्याकडे. पेटीला आणि तबल्याला माइक लावला की देवळात शिट्टी मारते. कोणी म्हणतं पेटीला आतून पिकअप बसवा. खर्च करावा का? की असाच एखादा अ‍ॅम्प?

खर्जातला
ताई, पिकअप नंतर. आधी स्पीकर कुठे ठेवलेत ते सांगा. नव्वद टक्के मंडळांत बॉक्स गाणाऱ्यांच्या मागे, भिंतीला टेकून असतात, म्हणजे माइकला तोंड करून. ते माइकच्या पुढे आणा, श्रोत्यांकडे वळवा. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला नको, नाहीतर फुसफुस येते. वरच्या जाळीपासून वीतभर अंतरावर ठेवा. आणि जो माइक त्या वेळी वापरात नाही तो बंद. उघडा राहिलेला प्रत्येक माइक शिट्टीचा भागीदार असतो. गिटार अ‍ॅम्प तुमच्या उपयोगाचा नाही, पेटी त्यातून गुदमरेल.

कोकणी_भोंगा
ताईंच्या मंडळाकडे अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर असणारच, गावोगाव तोच आहे. त्यामागे आउटपुटच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहम आणि शेजारी ७० नि १०० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. ती १०० व्होल्टची लाइन लांब तार ओढून देवळाच्या शिखरावरचे, आळीतले भोंगे चालवण्यासाठी. त्या भोंग्यांना आत किंवा सोबत लाइन ट्रान्सफॉर्मर असतो. आमच्या गावात उत्साही पोरांनी साधा ८ ओहमचा बॉक्स १०० व्होल्टला लावला. आरती अर्ध्यावर, बॉक्समधून धूर. लोकांना वाटलं धूप जास्त झाला.

आजीची_पेटी
हसून पुरेवाट झाली! आमचे बॉक्स अगदी तुम्ही म्हणता तसेच भिंतीला टेकलेले आहेत. या एकादशीला पुढे आणून बघतो आम्ही. वाचनखूण साठवली आहे.

डोंबिवलीचा_बेंजो
मंडळी, रविवारी बेंजो पिशवीत घालून पुण्याला गेलो. सोबत आमचा कीबोर्डवाला पोरगा. गृहस्थ फार सज्जन निघाले, चहा दिला, तासभर अ‍ॅम्प चालू ठेवू दिला. काकांनी सांगितलेलं सगळं बघितलं. ‘कन्व्हर्टर’ खरंच जड लोखंडी निघाला, ५०० व्हीए लिहिलेला, पण सॉकेट दोन भोकांचंच.

आवाज काय सांगू. व्हॉल्यूम ३, ट्रेबल ४, रिव्हर्ब थोडा. षड्जाची तार छेडली आणि ती खोलीभर राहिली. मी मिस्त्रीच्या पिकअपला इतकी वर्षं शिव्या घालत होतो, तो बिचारा चांगला निघाला. बेंजोच्या पट्टीवर बोट दाबताना येणारी टकटक मात्र स्पष्ट ऐकू यायला लागली. पाचच्या पुढे नेला की खर्जातला म्हणतात तो चिखल. कीबोर्ड लावला तर पियानो ठीक, पण ढोलकीचा पॅच वाजवला आणि घुमा लागला की समोरची जाळी थरथरायला लागली. गृहस्थांनीच हात वर केले.

सोल्डरकाका
पुढच्या वेळी कुठलाही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बघाल तर अजून एक करा. अ‍ॅम्प चालू, वाद्य न जोडता, आणि पेन्सिलीच्या लाकडी टोकाने लहान व्हॉल्व्हवर हलकी टिचकी. स्पीकरमधून किणकिण आली तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय, भावात ओढून घ्यायचं. हात लावायचा नाही, काच भाजते. मागची जाळी काढून आतल्या चासीत बोट घालायचं तर अजिबात नाही. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट बसून राहिलेले असू शकतात. आणि स्पीकरची वायर काढून व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधी चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. ट्रान्झिस्टरवाल्याचं उलटं असतं. तो स्पीकरशिवाय चालतो, पण ८ ओहमच्या जागी ४ किंवा २ ओहम लटकवलेत तर मरतो.

बटणं फिरवताना खरखर आली तर घाबरू नका. ती बहुधा धुळीची असते, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. त्या खरखरीवर हजार-दोन हजार कमी करून घ्यायचे, घरी येऊन फवारा मारायचा.

पेठेतला_गिटारवाला
काका, हे विकणाऱ्यांनी वाचलं तर?

सोल्डरकाका
वाचू दे. विकणाऱ्याने आधीच फवारा मारून ठेवावा आणि हजार वाचवावेत. पाटीचा, सीरियल नंबरचा, मागच्या बाजूचा असे फोटो टाकावेत, जो दोष असेल तो आपणच पहिल्या ओळीत लिहावा. गिऱ्हाईक निम्म्या शंका तिथेच सोडतं. ‘क्वचित वापरलेला’ म्हणून स्टँडवर ठेवलेल्या समोरच्या बाजूचाच एक फोटो टाकणाऱ्याकडे मी तरी फिरकत नाही.

नेवार्ककर
आणि जुन्या वस्तूंच्या साइटवर विकणाऱ्यांनो, कोणी ‘मी लष्करात आहे, प्रत्यक्ष येऊ शकत नाही, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील’ म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. माझ्या भावाचा पेडल विकताना असाच फोन आला होता, भाव न करता लगेच ‘डन’ म्हणाला तिथेच त्याला संशय आला. आपल्याकडे भाव न करता कोण घेतं?

कोकणी_भोंगा
+१. भाव न करणारा गिऱ्हाईक हाच पहिला पुरावा.

बेंजोकर, रात्री किती वाजेपर्यंत तालीम? चाळीत तक्रार झाली तर अ‍ॅम्प कुठला हे पोलीस विचारत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद, आणि रहिवासी भागात दिवसा ५५ नि रात्री ४५ डेसिबल. ५५ म्हणजे साध्या गप्पांपेक्षाही कमी, तेवढ्यात बेंजो बसतच नाही.

डोंबिवलीचा_बेंजो
नऊला बंद करतो भाऊ. चाळीत हृदयविकाराचे दोन काका आहेत आणि दोघांनाही बेंजो आवडतो, पण नऊच्या बातम्या त्याहून जास्त आवडतात.

खर्जातला
मग तुमचा प्रश्न सोपा झाला. गिटार अ‍ॅम्प सोडा आणि वापरलेला कीबोर्ड अ‍ॅम्प शोधा. ऑर्केस्ट्रावाले ते सतत बदलत असतात, लग्नसराई संपली की बाजारात येतात. रोलंडची केसी मालिका बघा. १२ इंची स्पीकर, वर ट्विटर, तीन-चार चॅनेल, म्हणजे बेंजो, कीबोर्ड आणि एक माइक एकत्र. बेंजो त्यात थेट लावू नका. मध्ये बॉसचा जीई-७ टाका, सात पट्ट्यांचा इक्वलायझर, वापरलेला स्वस्तात मिळतो. त्याचं इनपुट १ मेगाओहमच आहे, आणि बॉसचे बहुतेक पेडल बंद असतानाही सिग्नल आतल्या बफरमधून (सिग्नलला बळ देणाऱ्या सर्किटमधून) सोडतात. म्हणजे पिकअपला मोकळा श्वास मिळतो आणि पुढे लांब केबल टाकली तरी वरचे स्वर गळत नाहीत. मग त्यातली ३.२ के ची पट्टी थोडी खाली घ्या, बेंजोच्या पट्टीची टकटक मरेल. ४०० ची किंचित वर, अंग येईल. अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण मधलं टोक ऋण असलेला. कीबोर्डचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका.

पेठेतला_गिटारवाला
म्हणजे फेंडर सोडून इक्वलायझर घ्यायचा. कलियुग.

डोंबिवलीचा_बेंजो
अपडेट देतो. कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याकडून केसी-१५० घेतला, १७ हजाराला. ६५ वॅट, चार चॅनेल. एका कोपऱ्याचं रेक्झिन फाटलंय आणि दुसऱ्या चॅनेलच्या बटणात खरखर आहे, त्याचे पाचशे कमी करून घेतले, काका. आपला भारतातलाच असल्यामुळे व्होल्टेजची भानगड नाही. जीई-७ दादरच्या एका मुलाकडून आणला. पी-३८ (पाव इंची जाड) पिनांच्या दोन नवीन केबल सोल्डर करून घेतल्या, मिस्त्रीनेच केल्या.

३.२ खाली, ४०० वर, अगदी सांगितलं तसं. टकटक गेली. ६.४ पण जरा खाली घेतली कारण प्लास्टिकच्या नखीचा आवाज टोचत होता. आता तालमीत ढोलकीवाला म्हणतो माझी ढोलकी दबतेय, तिला पण माइक लाव. एक चॅनेल शिल्लक आहे तो त्याला दिला, पण ताईंसारखी शिट्टी सुरू झाली, मग अ‍ॅम्प हॉलच्या दारापाशी नेऊन आमच्याकडे पाठ केली.

आजीची_पेटी
आमच्याकडे बॉक्स पुढे आणले. शिट्टी जवळजवळ गेली, फक्त तबल्याच्या डग्ग्यावर येते कधीकधी. पिकअपचे पैसे वाचले, त्यात नवीन टाळ घेतोय.

खर्जातला
ताई, डग्ग्याच्या माइकचा बास अ‍ॅम्प्लिफायरवरून थोडा कमी करा आणि माइक पुडीच्या मधोमध न धरता कडेकडून तिरपा धरा.

पेठेतला_गिटारवाला
बेंजोकर, तो ब्लूज ज्युनिअर अजून आहे का? असेल तर त्या गृहस्थांचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. तीन पिनांचा ट्रान्सफॉर्मर मी माझा आणतो.

डोंबिवलीचा_बेंजो
आहे, कालच विचारलं. व्यनि केलाय. २६ वर येतील असं वाटतं, पण चहा प्यायल्याशिवाय भावाचं काढू नका.